गाडी गेटबाहेर पडण्याआधी : ड्रायव्हरची दारू आणि नशेची तपासणी – ट्रान्सपोर्ट मालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चाकण, भिवंडी, कळंबोली, न्हावा शेवा – मालकांची बैठक कुठेही असो, चहा झाला की प्रश्न तेच येतात. फुंकायचं मशीन घ्यायचं का, कुठलं घ्यायचं, ड्रायव्हर चिडून गाडी सोडून गेला तर काय, आणि ‘एवढं करून उपयोग काय?’ उत्तरं एकदा नीट लिहून ठेवावीत म्हणून हे पान. माझं मत आधीच सांगतो. तपासणी ड्रायव्हरला पकडण्यासाठी करायची नाही. ‘शेठ, आज मी गाडी नेत नाही’ हे त्याला पोटाला चिमटा न बसता म्हणता यावं, म्हणून करायची. खालची सगळी उत्तरं त्याच विचाराने लिहिली आहेत.

रोज ड्रायव्हरची तपासणी करणं कायद्याने मालकावर बंधनकारक आहे का?

मालवाहतुकीच्या साध्या धंद्यात मोटार वाहन कायदा, १९८८ मालकाला ‘रोज सकाळी गेटवर फुंकायला लाव’ असं सांगत नाही. कायदा बोलतो तो गाडी चालवणाऱ्याशी. कलम १८५ प्रमाणे १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल असताना गाडी चालवणं, किंवा चालवायचा प्रयत्न करणं, हा गुन्हा आहे. अमली पदार्थाच्या अमलाखाली गाडीवर ताबा ठेवता येत नसेल, तर तोही त्याच कलमात येतो. पहिल्या वेळी ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही. पुन्हा सापडला तर २ वर्षांपर्यंत कैद किंवा १५,००० रुपये दंड किंवा दोन्ही. दंडाचे हे आकडे २०१९ च्या दुरुस्तीपासूनचे आहेत.

पण मोठ्या कंपन्या, विशेषतः तेल, गॅस आणि रसायनांची ने-आण करून घेणाऱ्या, ही तपासणी करारातच मागतात. करारावर तुमची सही असेल, तर तुमच्यापुरतं ते बंधनच झालं. करार पुन्हा काढून वाचा. बऱ्याच मालकांनी दराचं पान सोडून बाकीचं वाचलेलंच नसतं.

बंधन नाही, मग खर्च कशाला?

कारण जबाबदारी शेवटी तुमच्याच दारात येते, आणि ती तीन वाटांनी येते.

पहिली वाट कलम १८८ ची. कलम १८५ च्या गुन्ह्याला जो चिथावणी देतो किंवा मदत करतो, त्याला तीच शिक्षा. ड्रायव्हर झिंगलेला दिसतोय, तरी ‘माल अर्जंट आहे, हळू जा’ म्हणून चावी दिली, तर हे कलम तुमच्याकडे बोट दाखवतं.

दुसरी वाट विम्याची. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १५० मध्ये, दारू किंवा नशेत गाडी चालवणं हा विमा कंपनीला घेता येणारा बचाव म्हणून स्पष्ट लिहिलेला आहे. अपघातग्रस्ताला न्यायालय भरपाई मिळवून देईलच, पण ती रक्कम नंतर मालकाकडून वसूल होऊ शकते. तुमच्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचं तर विचारूच नका. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने इफ्को टोकियो विरुद्ध पर्ल बेव्हरेजेस या खटल्यात सांगितलं, की श्वासाची किंवा रक्ताची चाचणी झालेली नसली, तरी चालक दारूच्या अमलाखाली होता हे विमा कंपनी इतर पुराव्यांवरून सिद्ध करू शकते. ‘चाचणीच झाली नाही, मग सिद्ध कसं करणार’ ही मालकांची जुनी समजूत आता सोडायला हवी.

तिसरी वाट फौजदारी. जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय न्याय संहितेत निष्काळजीपणाने मृत्यू घडवण्याची शिक्षा २ वरून ५ वर्षांपर्यंत गेली आहे. ही ड्रायव्हरची शिक्षा, पण तपासात पहिला जबाब मालकाचा होतो : गाडी कोणी सोडली, किती वाजता, त्या वेळी त्याची अवस्था काय होती? या प्रश्नाचं उत्तर वहीत असलं तर तुम्ही उभे राहू शकता.

हे झालं पैशाचं आणि कायद्याचं. २०२२ या एका वर्षात देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली. त्यात ट्रकखाली आलेलीही आहेत आणि ट्रकच्या केबिनमध्ये चेंगरलेलीही आहेत. मला ही दुसरी माणसं जास्त आठवतात, कारण त्यांच्या घरी फोन आपल्यालाच करावा लागतो.

३० मिलिग्रॅम म्हणजे किती? रात्री घेतली तर सकाळी चालतं ना?

सगळ्यात जास्त गैरसमज इथे आहे, म्हणून हिशोब मांडून दाखवतो.

एक क्वार्टर म्हणजे १८० मिलिलिटर. आपल्याकडच्या व्हिस्की-रममध्ये ४२.८ टक्के अल्कोहोल असतं, म्हणजे शुद्ध अल्कोहोल साधारण ६० ग्रॅम. ६५ किलोच्या पुरुषाच्या १०० मिलिलिटर रक्तात त्याची पातळी ढोबळमानाने १३५ ते १४० मिलिग्रॅमपर्यंत जाते. ही पातळी तासाला सरासरी १५ मिलिग्रॅम एवढीच उतरते. म्हणजे रात्री ११ वाजता क्वार्टर संपवून झोपलेल्या माणसाच्या रक्तात पहाटे ५ वाजता अजून ४५-५० मिलिग्रॅम असतं. तो चालतो सरळ, बोलतो नीट, ‘रात्रीची उतरली’ हे मनापासून सांगतो, आणि कायद्याच्या मर्यादेच्या वर असतो. शून्यावर यायला त्याला सकाळचे ८ वाजतात. पूर्ण बाटली मित्रांत वाटून दीड-दोन क्वार्टर झाली असेल, तर दुपार उजाडते.

८ टक्क्यांच्या स्ट्राँग बियरची ६५० मिलिलिटरची बाटली म्हणजे साधारण ४० ग्रॅम अल्कोहोल, क्वार्टरच्या दोन तृतीयांश. ‘बियरच होती’ याला तेवढाच अर्थ.

वजन, जेवण, यकृताची तब्येत यांप्रमाणे हे आकडे खालीवर होतात. काळी कॉफी, लिंबूपाणी, थंड पाण्याची आंघोळ यांनी झोप उडते, पण रक्तातलं अल्कोहोल कमी होत नाही. ते फक्त वेळेने उतरतं.

ड्रायव्हरांच्या बैठकीत हा हिशोब फळ्यावर लिहा. पोस्टर लावून जे होत नाही, ते या एका बेरीज-वजाबाकीने होतं. पुढच्या वेळी ज्येष्ठ ड्रायव्हर मामा स्वतःच विचारतात, ‘उद्या किती वाजता निघायचंय?’

कंपनीची मर्यादा ३० ठेवू की शून्य?

गाडीजवळ यायचं तर शून्य. ३० ही शिक्षेसाठी ठरवलेली रेघ आहे, तिच्या खाली सगळं सुरक्षित असा तिचा अर्थ नाही. शिवाय रात्रीची उतरत असलेल्या माणसाची झोपही झालेली नसते, आणि पुढे त्याला १० तास स्टेअरिंगवर बसायचं असतं.

पण शून्याच्या वर सापडलेल्या प्रत्येकाला एकच शिक्षा लावू नका. माझा सल्ला असा : शून्य ते ३० च्या मधला ड्रायव्हर त्या दिवशी गाडी नेणार नाही, एवढंच. त्याची नोंद होईल, बोलणं होईल, कारवाई नाही. ३० च्या वर आला, तर लेखी खुलासा. पुन्हा आला, तर पुढची पायरी. या पायऱ्या नेमणूकपत्रात आधीच लिहिलेल्या हव्यात, मराठीत आणि हिंदीत. आपल्याकडे बरेच ड्रायव्हर उत्तर प्रदेश, बिहार, राजस्थानचे असतात, आणि न वाचता येणाऱ्या कागदावर घेतलेली सही म्हणजे संमती नव्हे.

मशीन कुठलं घ्यावं?

फ्युएल सेल सेन्सरचं, म्हणजे श्वासातल्या अल्कोहोलपासून वीज तयार करून ते मोजणारं. चावीच्या जुडग्याला अडकवायची स्वस्त मशीन सेमीकंडक्टर सेन्सरवर चालतात. ती अल्कोहोल सोडून दुसऱ्या वाफांनाही फसतात. मधुमेह बिघडलेल्या माणसाच्या श्वासातल्या ॲसिटोनलाही ती दारू समजू शकतात. माणसाची रोजीरोटी त्या आकड्यावर ठरणार असेल, तर तिथे हजार-दोन हजार वाचवू नयेत.

घेतल्यावर तीन गोष्टी पाळा. निर्माता सांगेल त्या मुदतीत कॅलिब्रेशन (मशीन बरोबर आकडा दाखवतं का ते तपासून जुळवणं), बहुतेक मशीनना दर ६ महिन्यांनी, आणि त्याचं प्रमाणपत्र फाइलला. प्रत्येकाला नवी नळी. आणि मशीन कुठल्या एककात आकडा दाखवतं, ते मागच्या बाजूला चिकटवून ठेवा. रक्तातले १०० मिलिलिटरमागे ३० मिलिग्रॅम म्हणजेच ०.०३० टक्के, म्हणजेच लिटरमागे ०.३० ग्रॅम. पण काही मशीन श्वासाच्या लिटरमागे मिलिग्रॅम दाखवतात, आणि तिथे हीच मर्यादा ०.१४-०.१५ होते. ‘पॉइंट पंधरा म्हणजे पॉइंट तीसच्या निम्मं, सोडा’ असं म्हणून मर्यादेवरचा ड्रायव्हर सोडलेला मी पाहिला आहे. चूक कोणाच्या मनात नव्हती. फक्त एकक कोणी वाचलं नव्हतं.

‘दारू नाही शेठ, औषध घेतलंय’ असं म्हणाला तर?

खरंही असू शकतं, म्हणून ऐकून घ्या. आयुर्वेदातल्या आसव-अरिष्टांमध्ये, द्राक्षासव असो की अशोकारिष्ट, आंबवण्यातून तयार झालेलं अल्कोहोल असतंच. होमिओपॅथीचे थेंब, काही खोकल्याची औषधं, माउथवॉश यांतही असतं. पण औषधाच्या एका झाकणाने तोंडात राहिलेलं अल्कोहोल १५ मिनिटांत उडून जातं. म्हणून पद्धत अशी : साध्या पाण्याने चूळ, १५ मिनिटं थांबायचं, त्या वेळात काही खायचं-प्यायचं नाही, तंबाखू-मावा नाही, मग दुसरी चाचणी. दुसरा आकडा शून्य आला, तर विषय संपला आणि पहिला आकडा त्याच्याविरुद्ध कधीही वापरायचा नाही. तसाच राहिला, तर ते रक्तातून येतंय. हातावरच्या सॅनिटायझरनेही गोंधळ होतो, म्हणून चाचणी हवा खेळती असेल अशा जागी घ्या.

आकडा आला. आता नेमकं काय करायचं?

चावी काढून घ्या, पण चारचौघांत नाही. बाजूच्या खोलीत, एका साक्षीदारासमोर दुसरी चाचणी घ्या. गाडी दुसऱ्याकडे द्या किंवा उशिरा काढा, आणि माल घेणाऱ्या पार्टीला खरं कारण न सांगता ‘ड्रायव्हर आजारी आहे’ एवढं सांगा. त्याची इभ्रत गावभर करायची गरज नाही.

आणि इथे बहुतेक मालक एक मोठी चूक करतात. ट्रक काढून घेतात आणि माणसाला त्याच्याच मोटारसायकलवर घरी धाडतात. कलम १८५ दुचाकीलाही लागतं, आणि खांबही तितकाच कडक असतो. त्याला तिथेच झोपू द्या, नाहीतर रिक्षाने पाठवा.

पोलिसांना बोलवायचं का? तो गाडीवर बसलाच नसेल, तर चालवण्याचा गुन्हा झालेलाच नाही. तुमचं काम गाडी थांबवणं. एक ध्यानात ठेवा : कलम २०३ प्रमाणे सक्तीने श्वास तपासण्याचा अधिकार गणवेशातल्या पोलिसाला आणि अधिकार दिलेल्या मोटार वाहन अधिकाऱ्याला आहे, मालकाला नाही. तुमची तपासणी चालते ती नोकरीच्या अटीवर आणि संमतीवर. नकार दिला, तर बळजबरी करू नका. ‘तपासणी नाही, तर आज गाडी नाही’ एवढंच सांगा.

त्या दिवसाचा पगार, भत्ता कापू का? कामावरून काढता येतं का?

दंड म्हणून हवा तेवढा पगार कापता येत नाही. वेतनाच्या कायद्यानुसार दंड त्या पगाराच्या ३ टक्क्यांपेक्षा जास्त नसावा, आणि तोही आधी जाहीर केलेल्या चुकांसाठी, खुलाशाची संधी देऊन. कामावरून काढायचं असेल, तर आरोपपत्र, चौकशी, त्याची बाजू ऐकणं, हे सगळं करावं लागतं. ‘वास आला म्हणून काढला’ हे टिकत नाही. १९७१ मध्येच बचुभाई हसनअली करयाणी विरुद्ध महाराष्ट्र राज्य या मुंबईच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं होतं, की तोंडाचा वास, अडखळती चाल, विस्फारलेल्या बाहुल्या एवढ्यावरून, रक्त-लघवी न तपासता, माणूस दारूच्या नशेत होता असं ठरवता येत नाही. तो फौजदारी खटला होता, आणि २०२१ चा निकाल विम्याचा. दोन्ही मिळून मालकाने धडा घ्यायचा तो मोजमापाचा : आकडा, वेळ, साक्षीदार.

आता माझं मत, आणि यावर बैठकीत कायम वाद होतो. जो ड्रायव्हर चाचणीआधी स्वतः येऊन सांगतो, ‘रात्री लग्नात झाली, आज नको’, त्याचा त्या दिवसाचा पगार कापू नका. फेरीचा भत्ता बुडेल, तो बुडू दे, पण पगार द्या. महिन्यातून एकदा, वर्षातून तीनदा, अशी मर्यादा घाला हवी तर. मालक म्हणतात, याने लबाडी वाढेल. माझा अनुभव असा, की ज्या यार्डात खरं बोलायला पैसे मोजावे लागतात, तिथे लपवायचे शंभर उपाय निघतात : वेलची, पुदिना, क्लीनरला पुढे करणं, गेटच्या बाहेर चालक बदलणं. आणि जिथे खरं बोलणं फुकट आहे, तिथे मशीनवर आकडा येणंच कमी होतं.

शून्य आलं, म्हणजे ड्रायव्हर फिट?

नाही. हे मला सगळ्यात कळकळीने सांगायचं आहे.

रोज भरपूर पिणारा माणूस एकदम थांबला, तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हात थरथरतात, घाम फुटतो, झटकाही येऊ शकतो, भास होतात. मशीन शून्य दाखवतं, आणि तो माणूस त्या दिवशी सगळ्यात धोकादायक असतो. त्याला गाडी नाही, दवाखाना हवा.

आणि झोप. १९९७ मध्ये ऑस्ट्रेलियात झालेल्या अभ्यासात दिसलं, की सलग १७ तास जागं राहिलेल्या माणसाचं काम रक्तात ५० मिलिग्रॅम अल्कोहोल असल्यासारखं बिघडतं. ५० म्हणजे आपल्या मर्यादेच्या वर. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यापासून दिवसाला ८ तास आणि आठवड्याला ४८ तास ही रेघ आखलेली आहे. ती किती यार्डात पाळली जाते, हे तुम्हाला माहीत आहे. न्हावा शेव्याला रांगेत १४ तास घालवून लगेच नागपूरची बिल्टी (मालाच्या पाठवणीचा कागद) हातात दिली, आणि निघताना फुंकायला लावलं, तर त्या तपासणीला काही अर्थ राहत नाही. चाचणीच्या वहीत एक रकाना वाढवा : मागच्या २४ तासांत किती झोप? उत्तर ४ तास असेल, तर गाडी थांबवा.

गांजा, अफू, गोळ्या यांचं काय?

लांब पल्ल्याच्या गाड्यांवर जागं राहायला डोडा (अफूच्या बोंडांचा भुसा) आणि अफू, अंग दुखतं म्हणून ट्रामाडॉलच्या गोळ्या, झोपेसाठी अल्प्राझोलाम, आणि गांजा. शिवाय ज्याला कोणी नशा म्हणत नाही असं सर्दीचं औषध. क्लोरफेनिरामाइनसारख्या गोळीने चांगलीच गुंगी येते, आणि ती प्रत्येक ढाब्याशेजारच्या मेडिकलमध्ये मिळते. ड्रायव्हरला सांगून ठेवा : कुठलीही गोळी घेतली तर आधी सांग, आम्ही डॉक्टरला विचारू.

लघवीची तपासणी किटने होते, पण तिच्या मर्यादा समजून घेतल्याशिवाय सुरू करू नका. गांज्याचा अंश नेहमी ओढणाऱ्याच्या लघवीत कित्येक दिवस, कधी काही आठवडे सापडतो. तो सापडला म्हणजे आत्ता नशेत आहे असं नाही. खसखशीमुळे अफूवर्गाची पट्टी उमटू शकते. दिवाळीत अनारसे खाल्लेल्या माणसाला किटवरून अफूबाज ठरवणं म्हणजे अन्याय. किटवर आलं, तर नमुना मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पक्क्या तपासणीला पाठवायचा, आणि निकाल येईपर्यंत त्याला गाडी नाही पण पगार चालू. नमुना देताना कोणी समोर उभं राहायचं नाही. बाटली द्यायची, दार लावू द्यायचं, आणि बाटली लगेच हाताला कोमट लागते का, ते पाहायचं.

गाडीत गांजा सापडला तर गाडी जाते का?

जाऊ शकते. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात, ज्याला सगळे एनडीपीएस म्हणतात, कलम ६० प्रमाणे वाहन जप्त होतं. हे आपल्या नकळत झालं आणि आपण योग्य ती सगळी काळजी घेतली होती, हे मालकाने दाखवलं तरच गाडी वाचते. जाणूनबुजून गाडी वापरू दिली असेल, तर कलम २५ मालकालाच लागतं. केबिनची नोंदवहीतली तपासणी, लेखी सूचना, जीपीएसची नोंद, हीच ती ‘काळजी’.

गुजरातला जाणाऱ्या किंवा गोव्याहून येणाऱ्या गाडीत बाटली असली तर?

गुजरातच्या हद्दीवरचं भिलाड ओलांडलं की दारूबंदी. १९४९ चा मुंबई राज्याचा दारूबंदी कायदा गुजरातेत अजून कडकपणे लागू आहे, तिथे बाटलीच काय, प्यायलेलं असणंही गुन्हा. गोव्याची स्वस्त दारू परवान्याशिवाय महाराष्ट्रात आणली, तर उत्पादन शुल्क विभाग गाडी ताब्यात घेतो. निघताना केबिन रिकामी पाहूनच सोडा.

गाड्या माझ्या नाहीत, अटॅच आहेत, म्हणजे दुसऱ्याच्या, करारावर माझ्याकडे लावलेल्या. जबाबदारी कोणाची?

गेट तुमचं असेल, तर तपासणी तुमची. बाहेरची गाडी म्हणून तिच्या ड्रायव्हरला वगळलं, की तुमचे ड्रायव्हर बरोबर विचारतात, ‘आम्हालाच का?’ करारात एक ओळ घाला, आणि नियम सगळ्यांना एकच ठेवा.

अपघात झाला तर?

आधी जखमी माणूस. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ प्रमाणे चालकाने जखमीला उपचार मिळवून द्यायचे आणि पोलिसांना कळवायचं, लवकरात लवकर, जास्तीत जास्त २४ तासांत. जमावाची भीती असेल, तर जवळच्या ठाण्यात जायचं, गावाला पळायचं नाही. कलम १८५ खाली अटक झाली, तर २ तासांत डॉक्टरी तपासणी व्हावी लागते. ड्रायव्हर प्यायलेला नसेल, तर ती त्याच्याच फायद्याची असते. ड्रायव्हर बदलून उभा करणं, नमुना ‘मॅनेज’ करणं, असले सल्ले देणारे लोक त्या रात्री हमखास फोन करतात. २०२४ मध्ये पुण्यातल्या कल्याणीनगरच्या अपघातानंतर रक्ताचा नमुना बदलल्याच्या आरोपावरून डॉक्टरांनाही अटक झाली होती. तुमच्याकडे सकाळची चाचणीची नोंद असेल, तर ती जपून ठेवा आणि आहे तशीच द्या.

विमानात, रेल्वेत कसं असतं?

तिथे हा विषय कधीच मिटला आहे. वैमानिकाने उड्डाणाआधी १२ तास दारू घ्यायची नाही, आणि मशीनवर आकडा पूर्ण शून्य हवा. पहिल्यांदा सापडला तर ३ महिने निलंबन, दुसऱ्यांदा ३ वर्षं, तिसऱ्यांदा परवाना रद्द. जानेवारी २०२२ अखेरपासून वैमानिक आणि हवाई वाहतूक नियंत्रक यांच्यापैकी किमान १० टक्क्यांची दरवर्षी अचानक अमली पदार्थ तपासणीही होते. रेल्वेत लोको पायलट कामावर रुजू होताना फुंकतो. ४० टनांचा ट्रेलर घेऊन खंबाटकी घाट उतरणाऱ्याला यातलं काहीच नाही, ही गोष्ट मला टोचते.

अमेरिकेत ट्रकिंगचा धंदा आहे, किंवा पुण्यात बसून तिथल्या कंपन्यांचं डिस्पॅचचं काम करतो. तिथले नियम?

तिथे सगळं मालकावर बंधनकारक आहे. १९९१ च्या कायद्यापासून सीडीएल (धंद्याच्या जड गाड्यांचा) परवान्यावर चालवणाऱ्या प्रत्येकाची नोकरीआधी अमली पदार्थ तपासणी, मग वर्षभर चिठ्ठी काढल्यासारखी अचानक तपासणी : २०२० पासून सरासरी चालकसंख्येच्या ५० टक्के अमली पदार्थांसाठी आणि १० टक्के अल्कोहोलसाठी. ०.०४ टक्क्यांवर थेट बंदी, ०.०२ ते ०.०३९ असेल तर २४ तास गाडी नाही. ठरावीक अपघातांनंतर अल्कोहोलची तपासणी ८ तासांच्या आत, अमली पदार्थांची ३२ तासांच्या आत. नकार म्हणजे नापासच. राज्याने गांजा कायदेशीर केला असला, तरी ट्रकवाल्याला चालत नाही. नापास झालेल्यांच्या आणि नकार देणाऱ्यांच्या नोंदी जानेवारी २०२० पासून क्लिअरिंगहाउस नावाच्या केंद्रीय नोंदीत जातात. मालकाने ती नोकरी देताना आणि वर्षातून एकदा पाहायची असते. एकाच ट्रकचा मालक-चालक असाल, तर स्वतःची चिठ्ठी स्वतः काढता येत नाही, एखाद्या कन्सोर्टियममध्ये (अनेकांची तपासणी एकत्र चालवणाऱ्या गटात) नाव घालावं लागतं. नापास झालेला माणूस तज्ज्ञाचं मूल्यमापन, उपचार, परतीची चाचणी आणि पुढच्या १२ महिन्यांत किमान ६ अचानक चाचण्या देऊन परत येऊ शकतो. हा परतीचा लेखी रस्ता मला त्यांच्याकडून घेण्यासारखा वाटतो.

नोंदी काय आणि किती दिवस?

तारीख, वेळ, नाव, मशीनचा क्रमांक, आकडा, दुसरी चाचणी, दोघांच्या सह्या. निदान ३ वर्षं, आणि अपघात झालेल्या फेरीची नोंद खटला संपेपर्यंत. वही कुलपात. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर कोणाचाही आकडा टाकायचा नाही.

मी ड्रायव्हर आहे. मशीनने चुकीचं दाखवलं तर?

दादा, शांतपणे दुसरी चाचणी मागा, तो तुमचा हक्क समजा. १५ मिनिटं थांबायला सांगा, आकडा स्वतः वाचा, वहीत स्वतःच्या हाताने लिहा ‘मला मान्य नाही’. वाटलं तर त्याच तासात जवळच्या दवाखान्यात रक्त द्या. दुसऱ्या दिवशी दिलेल्या रक्ताचा काही उपयोग नाही.

एखाद्याला व्यसनच आहे. चांगला माणूस आहे. कुठे पाठवू?

केंद्र सरकारची नशामुक्ती हेल्पलाइन १४४४६, फोन फुकट. पुण्यात १९८६ पासून चालणारं मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र आहे, अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या दारू सोडणाऱ्यांच्या संघटनेच्या मराठी बैठका महाराष्ट्रभर होतात. एनडीपीएसच्या कलम ६४अ प्रमाणे अल्प मात्रेत सापडलेला व्यसनी स्वतःहून उपचाराला गेला आणि ते पूर्ण केले, तर त्याला खटल्यातून सूट मिळू शकते. उपचाराच्या काळात त्याची नोकरी राखून ठेवाल का, हे त्याला निघण्याआधी सांगा. त्याच्या बायकोलाही फोन करून सांगा. बहुतेक जण उपचाराला घाबरत नाहीत, परत आल्यावर गाडी दुसऱ्याच्या हातात दिसेल, याला घाबरतात.

उद्यापासून सुरू करायचं. पहिल्या दिवशी काय करू?

सकाळी ६ ला गेटवर स्वतः उभे राहा. सगळ्यांसमोर पहिल्यांदा तुम्ही फुंका, मग मुनीम, मग सुपरवायझर, मग ज्येष्ठ ड्रायव्हर मामा. आकडे वहीत त्याच क्रमाने लिहा. पहिले १५ दिवस कोणावरही कारवाई नाही, असं जाहीर करा. पंधराव्या दिवशी वही उघडून बसा आणि कुठल्या फेऱ्यांच्या सकाळी आकडे आले, ते पाहा. सोमवार असेल, पगाराचा दुसरा दिवस असेल, किंवा चार दिवस लोडिंगच्या रांगेत काढल्यानंतरची सकाळ असेल. त्यातल्या शेवटच्या प्रकारासाठी रांगेतल्या ड्रायव्हरला झोपायला जागा, नळाचं पाणी आणि रात्रीचं गरम जेवण मिळेल एवढी सोय त्याच आठवड्यात करा.